संवादातून उपचार : वैयक्तिक मानसोपचाराची ओळख

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात यंत्रसामग्री, खाटा आणि शस्त्रक्रिया यांची माहिती देणे तुलनेने सोपे असते. नवे डायलिसिस यंत्र आले की त्याचे छायाचित्र छापता येते, आणि देणगीदारांनाही आपल्या दानाचे दृश्य रूप पाहिल्याचे समाधान लाभते. मानसिक आरोग्य विभागाच्या बाबतीत मात्र आमची अडचण होते. तेथील एका खोलीचे छायाचित्र घेतले, तर त्यात दोन खुर्च्या, एक लहान टेबल, पाण्याचा तांब्या आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच दिसेल. त्या खोलीत आठवड्यातून एकदा पाऊण तास दोन माणसे बसून बोलतात, आणि हाच तेथील उपचार असतो.

साहजिकच रुग्णांचे नातेवाईक आम्हाला विचारतात, "डॉक्टर, नुसते बोलून काय होणार? एखादे इंजेक्शन नाही का?" विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही हाच प्रश्न अधिक सौम्य शब्दांत उपस्थित होतो. प्रश्न रास्त आहे. ज्या सेवेसाठी आपण विश्वासाने निधी देता, आणि जिच्यासाठी आपल्या घरचे माणूस आमच्या हाती सोपवता, ती नेमकी कशी चालते हे जाणून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

सल्ला आणि उपचार

आपल्याकडे दुःखी माणसाला सल्ला देणाऱ्यांची वानवा नाही. "मन घट्ट कर", "देवाचे नाव घे", "चार दिवस मामाकडे जाऊन ये", असे शब्द त्याच्या कानांवर सतत पडत असतात. ते प्रेमापोटीच उच्चारलेले असतात आणि काही वेळा त्यांचा आधारही वाटतो. तथापि सल्ला देणाऱ्याचा त्या माणसाच्या आयुष्यात काही ना काही वाटा असतो. सासूला सून पूर्ववत कामाला लागावी असे वाटते, वडिलांना मुलाने परीक्षेला बसावे असे वाटते, मित्राला आपला जुना हसरा मित्र परत हवा असतो. त्यामुळे ऐकणारा पूर्णपणे मोकळा नसतो आणि बोलणाराही हातचे राखून बोलतो.

वैयक्तिक मानसोपचारात प्रशिक्षित उपचारक आणि रुग्ण यांच्यातील नाते याहून निराळे असते. त्या नात्याला ठरलेली वेळ, ठरलेले उद्दिष्ट आणि ठरलेल्या मर्यादा असतात. उपचारकाला रुग्णाकडून स्वतःसाठी काहीही नको असते. तो निर्णय देत नाही. निर्णय घेण्याची रुग्णाची हरवलेली क्षमता परत मिळावी म्हणून तो साह्य करतो. हाडवैद्य मोडलेले हाड सरळ करून बांधतो, परंतु हाड सांधण्याचे काम शरीरच करते. येथेही काहीसे तसेच घडते.

थोडी पूर्वपीठिका

संवादाकडे उपचार म्हणून पाहण्याची आधुनिक परंपरा सुमारे एकशे चाळीस वर्षांची आहे. व्हिएन्ना येथील डॉ. जोसेफ ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात उपचार केलेल्या एका तरुणीने या पद्धतीला 'बोलण्याचा उपचार' असे नाव दिले. ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली ग्रंथरूपाने ती हकिकत प्रसिद्ध केली. आपल्या देशातही हा विचार लवकर पोहोचला. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कोलकाता येथे भारतीय मनोविश्लेषण संस्थेची स्थापना केली.

पुढे या क्षेत्रात अनेक प्रवाह निर्माण झाले. अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी उपचारकाचा प्रांजळपणा, रुग्णाचा अटीविना स्वीकार आणि त्याच्या दृष्टीने जग समजून घेण्याची तयारी यांना मध्यवर्ती स्थान दिले. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. घटनेपेक्षा त्या घटनेविषयीचे आपले हट्टाग्रही विचार आपल्याला अधिक अस्वस्थ करतात, हे त्यांचे प्रमुख सूत्र होय. महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धती मराठी वाचकांपर्यंत पोहोचविली. १९६० च्या दशकात फिलाडेल्फिया येथील डॉ. ॲरन बेक यांना असे आढळले, की नैराश्यग्रस्त माणसाच्या मनात स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी नकारात्मक विचार आपोआप उमटत राहतात आणि तो ते पडताळून न पाहता खरे मानतो. त्यातून विकसित झालेली कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजेच विचार व वर्तन यांवर आधारित उपचारपद्धती, आज जगभर सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या पद्धतींपैकी एक आहे.

खोलीत काय घडते?

पुढे दिलेले उदाहरण कोणा एका रुग्णाचे नाही. गोपनीयतेच्या दृष्टीने अनेकांच्या अनुभवांतून आम्ही ते जुळविले आहे. परंतु अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण प्रत्येक सर्वसाधारण रुग्णालयाच्या परिचयाचे असतात.

तालुक्याच्या गावी किराणा दुकान असलेले, पंचेचाळिशीतील एक गृहस्थ. वडीलबंधू हृदयविकाराने अकस्मात गेले, त्याला सात-आठ महिने झालेले. तेव्हापासून यांना मधूनच छातीत धडधड होते, घाम फुटतो, श्वास अपुरा पडतो आणि आता आपले संपले असे वाटते. मध्यरात्री रिक्षा करून त्यांना तातडीच्या विभागात चार वेळा आणले गेले. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट सर्व निर्दोष. "तुम्हाला काही झालेले नाही," असे त्यांना प्रत्येक वेळी सांगितले गेले. ते ऐकून घरच्यांना हायसे वाटले. पण यांना वाटले की आपला आजार कोणाला सापडतच नाही. हळूहळू त्यांनी दुकानातील पोती उचलणे सोडले, दुचाकी सोडली, एसटीत दाराजवळची जागा मिळाली नाही तर गाडी सोडू लागले. कोणी लिहून दिलेली नसताना जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे, आणि दिवसातून कितीतरी वेळा दोन बोटे मनगटावर ठेवून ते नाडी मोजत.

पहिल्या भेटीत उपचारक फारसे काही सुचवीत नाही. तो ऐकतो, विचारतो आणि नोंद करतो. कोणत्या गोष्टी गुप्त राहतील आणि कोणत्या परिस्थितीत गुप्तता बाजूला ठेवावी लागेल, हे तो आरंभीच स्पष्ट करतो. रुग्णाच्या किंवा अन्य कोणाच्या जिवाला धोका असेल, तर संबंधितांना कळविणे आवश्यक ठरते. त्यानंतर दोघे मिळून उद्दिष्ट ठरवितात. 'भीती जावी' हे उद्दिष्ट मोघम असते. 'एकट्याने दुचाकीवरून बाजार समितीपर्यंत जाऊन यावे' हे मोजता येण्याजोगे असते.

पुढील सत्रांत भीतीचे चक्र कागदावर काढले जाते. हृदयाची गती जरा वाढते, "झटका येतोय" असा विचार मनात येतो, त्या विचाराने भीती वाटते आणि भीतीने हृदयाची गती आणखी वाढते. नाडी मोजणे, गोळी जवळ बाळगणे, दाराशी बसणे या उपायांनी तात्पुरते बरे वाटते. पण त्यामुळेच "मी यांच्यामुळे वाचलो" असा समज पक्का होतो आणि भीतीला आपली चूक कळण्याची संधी मिळत नाही. हे आकलन झाल्यावर हृद्रोगतज्ज्ञांच्या संमतीने प्रत्यक्ष प्रयोग सुरू होतात. उपचारकासह रुग्णालयाचे दोन जिने भरभर चढायचे, धडधड होऊ द्यायची आणि नाडी न मोजता ती आपोआप कमी होते की नाही ते पाहायचे. घरी एका वहीत तारीख, प्रसंग, मनात आलेला विचार आणि प्रत्यक्षात काय घडले, हे चार रकाने भरायचे. व्यापारी माणसाला रकाने भरण्याची सवय असते. ती येथे कामी येते.

हे काम दिसते तितके सोपे नसते. एखाद्या आठवड्यात वही कोरी येते. एखाद्या सत्रात रुग्ण चिडतो. चार पावले पुढे गेल्यावर एका रात्री पुन्हा झटका येतो आणि सगळे व्यर्थ गेल्यासारखे वाटते. उपचारक त्या रात्रीचीही नोंद करायला लावतो. या वेळी रिक्षा बोलावण्याऐवजी ते ओट्यावर बसून राहिले आणि वीस मिनिटांत धडधड ओसरली, हे त्या नोंदीतूनच त्यांच्या ध्यानात येते.

आजारापलीकडे

लक्षणे कमी होणे हा उपचाराचा पहिला टप्पा होय. पुष्कळदा त्यानंतर आणखी काही उलगडते. या गृहस्थांच्या बाबतीत सहाव्या-सातव्या सत्राच्या सुमारास भावाचा विषय निघतो. जमाखर्चाच्या वहीत भावाचे अक्षर आहे, म्हणून आपण ती वही उघडलेलीच नाही, असे ते सांगतात. भाऊ गेल्यानंतर बाकीच्यांना सावरायचे म्हणून ते एकदाही रडलेले नसतात. शिवाय दुकानाचा, मुलांच्या शिक्षणाचा, घराच्या बांधकामाचा प्रत्येक निर्णय आजवर भावानेच घेतलेला असतो. छातीतील धडधडीत मृत्यूच्या भीतीबरोबर ही दुसरी भीतीही मिसळलेली असते : आता मला विचारतील, आणि मला सांगता येणार नाही.

व्यक्तिमत्त्व विकास हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. आमच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा आहे. माणसाला स्वतःच्या मनात काय चालले आहे ते ओळखता यावे, ते योग्य व्यक्तीपाशी शब्दांत मांडता यावे, आणि भीती असतानाही आवश्यक तो निर्णय घेता यावा. उपचाराच्या अखेरीस आमचे दुकानदार वही उघडतात. घाऊक व्यापाऱ्याशी भावाने केलेला एक करार ते बदलतात आणि तो योग्य ठरेल की नाही याची खात्री नसतानाही बदलतात. धडधड अजूनही क्वचित होते. गोळी खिशात नसते.

औषधे आणि संवाद

संवादाने सर्व काही बरे होते असा आमचा दावा नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांपासून आपण सावध राहावे अशी आमची विनंती आहे. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर विकार यांसारख्या आजारांत औषधोपचार हा पाया असतो. संवाद त्याला पूरक ठरतो. तीव्र नैराश्यात बहुधा दोन्ही एकत्र द्यावे लागतात. मनोविकारतज्ज्ञ वैद्यकीय पदवीधर असतात व ते औषधे लिहून देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मानसिक चाचण्या व मानसोपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय यांसारख्या शारीरिक कारणांनीही मरगळ किंवा धडधड जाणवू शकते; म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार आहेत, त्याला पुढच्या आठवड्याच्या सत्राची वाट पाहायला लावता येत नाही. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणले पाहिजे.

गरज आणि पुरावा

बेंगळुरू येथील निम्हान्स संस्थेच्या पुढाकाराने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. त्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. तरीही त्याचे निष्कर्ष आपल्याला विचार करायला लावणारे आहेत. सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी उपचारयोग्य मानसिक विकार होता, आणि नैराश्य व चिंताविकार यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांत दर शंभरांपैकी सुमारे पंचाऐंशी जणांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

'नुसते बोलून' खरोखर फरक पडतो का, याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक अभ्यास झाला आणि तो 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांना त्यात दोन गटांत विभागले होते. एका गटाला केंद्रातील नेहमीचे उपचार काहीसे सुधारून मिळाले. दुसऱ्या गटाला त्याबरोबरच सहा ते आठ वैयक्तिक सत्रे मिळाली. ती घेणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते स्थानिक, प्रशिक्षित आणि देखरेखीखाली काम करणारे सामान्य नागरिक होते. नैराश्याने माणूस ज्या कामांपासून व माणसांपासून तुटतो, त्यांच्याशी त्याला पायरीपायरीने पुन्हा जोडून देणे हा त्या सत्रांचा गाभा होता. तीन महिन्यांनंतर सत्रे मिळालेल्या गटातील ६४ टक्के व्यक्ती नैराश्यातून बाहेर आल्या होत्या; दुसऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. नियमितपणे, पद्धतशीर आणि देखरेखीखाली केलेल्या संवादाचे सामर्थ्य यातून स्पष्ट होते. त्याबरोबरच हेही ध्यानात येते, की उपचार मिळूनही सर्वच जण बरे होत नाहीत. अशांसाठी पुढील उपाय तयार ठेवावे लागतात.

आमच्याकडून झालेली एक चूक

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. सुरुवातीच्या काळात जागेच्या अडचणीमुळे आम्ही बाह्यरुग्ण विभागाच्या एका कोपऱ्यात पडदा लावून समुपदेशनाची सोय केली होती. पडद्यापलीकडे बाके होती आणि बाकांवर नातेवाईक बसलेले असत. रुग्ण एक-दोनदा येत आणि नंतर येईनासे होत. लोकांमध्ये जागृती नाही, असा निष्कर्ष आम्ही काढला व माहितीपत्रके छापली. मग एके दिवशी एका भगिनीने समुपदेशिकेच्या कागदावर पेन्सिलीने लिहून दिले, "बाहेर सासूबाई बसल्या आहेत. सगळे ऐकू जाते."

त्या एका ओळीने आमचे डोळे उघडले. उणीव जागृतीची नव्हती, दाराची होती. त्यानंतर भांडारगृहाची एक खोली रिकामी करून तिला जाड दार बसविण्यात आले. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने, म्हणजेच २०१७ च्या कायद्याने, रुग्णाच्या गोपनीयतेचा हक्क स्पष्टपणे मान्य केला आहे. परंतु कायद्यातील हक्क रुग्णाच्या पदरात पडण्यासाठी विटा, लाकूड आणि कडी-कोयंडा लागतो, हा धडा आम्हाला त्या भगिनीने दिला. दुर्दैवाने, खोली तयार होईपर्यंत त्यांचे येणे थांबले होते.

कुटुंबीयांना विनंती

सत्र संपवून बाहेर आलेल्या आपल्या माणसाला "आत काय काय बोललास?" असे विचारू नये. त्याला सांगावेसे वाटेल तेव्हा तो सांगेल. आरंभीच्या काही सत्रांनंतर तो अधिक हळवा किंवा चिडखोर झालेला वाटला, तर घाबरून जाऊ नये. अनेक वर्षे दाबून ठेवलेले दुःख वर येताना असे होऊ शकते. अस्वस्थता वाढतच गेली, तर मात्र उपचारकाला अवश्य कळवावे. थोडे बरे वाटताच उपचार आणि औषधे परस्पर बंद करण्याची घाई टाळावी. त्याला एकट्याने येऊ द्यावे, आणि येण्यासाठी कामातून दोन तासांची मोकळीक द्यावी. दुकानदाराच्या उदाहरणात मोठा मुलगा दर गुरुवारी गल्ल्यावर बसला, हीच त्याची उपचारातील कामगिरी होती.

ज्यांना रुग्णालयापर्यंत येणे शक्य नाही, त्यांच्यासाठी केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

देणगीदारांना निवेदन

वैयक्तिक मानसोपचाराचा सर्वांत मोठा खर्च म्हणजे प्रशिक्षित माणसाचा वेळ. एक्स-रे यंत्र दिवसभरात कितीतरी रुग्णांसाठी वापरता येते. मन लावून काम करणारा उपचारक मात्र दिवसाला पाच-सहा व्यक्तींनाच न्याय देऊ शकतो. उरलेला वेळ नोंदी ठेवणे, ज्येष्ठांशी विचारविनिमय करणे आणि अभ्यास यांसाठी लागतो. ही संख्या वाढविण्यासाठी सत्रे आखडती घेतली, तर पाऊण तासाचे पंधरा मिनिटे होतात आणि उपचाराचा पुन्हा सल्ला होतो. ज्यांना शुल्क परवडत नाही, तेच बहुधा तिसऱ्या-चौथ्या सत्रानंतर येणे सोडतात. उपचाराला गुण येऊ लागण्याचा काळही नेमका तोच असतो.

महाराष्ट्राला या बाबतीत चांगली परंपरा आहे. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली उभे राहिले, त्यामागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचे बळ होते. मनाच्या उपचारासाठी दिलेले दान वाया जात नाही, हा विश्वास त्या वेळी त्यांनी दाखविला. आमची अपेक्षा माफक आहे. एखाद्या गरजू रुग्णाची ठरलेली सर्व सत्रे पूर्ण होतील एवढे साह्य आपल्यापैकी काहींनी उचलावे. ज्याला आपण साह्य केले त्याचे नाव आम्ही आपल्याला सांगू शकणार नाही, त्याचे छायाचित्र किंवा आभारपत्रही पाठवू शकणार नाही.